तंजावूरचा शिलेखाना आणि काडतुसाचा प्रश्न

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी तंजावूरविषयी काहीतरी लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरील भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आणि सरफोजी महाराजांचा विद्याव्यासंग हे तीन विषय साहजिकच प्रथम डोळ्यांपुढे आले. परंतु या तिन्ही विषयांवर अधिकारी व्यक्तींनी विपुल लिहिले आहे, आणि आम्ही तर पडलो केंद्र सरकारच्या नोकरीत आयुष्य काढलेले, बी. ए. पर्यंत मजल मारलेले गृहस्थ. तेव्हा विद्वानांच्या वाटेला न जाता, तंजावूरच्या मुक्कामात आम्हांस वारंवार विचारण्यात आलेल्या एका व्यावहारिक प्रश्नाच्या अनुषंगाने चार शब्द लिहावे असे ठरविले.

प्रश्न असा : कोणी जुनी, वापरलेली लिव्हरची शिकारी रायफल विकावयास काढली असेल तर ती घ्यावी काय, आणि घ्यावयाचीच झाल्यास कोणत्या काडतुसाची घ्यावी? राजवाडा परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत बंदूक ही वस्तू अद्याप परकी झालेली नाही. कोणाच्या आजोबांची, कोणाच्या सासऱ्यांची, परवान्यासह वारशाने आलेली अशी एखादी तरी बंदूक ओळखीच्या घरी निघतेच. त्यातून लिव्हरच्या रायफलीचे आकर्षण विशेष. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली-पुढे ढकलून परत ओढली की झाडलेले काडतूस बाहेर उडते आणि नवे आत जाऊन बसते. हे दृश्य इंग्रजी चित्रपटांतील घोडेस्वारांच्या हाती पाहून लहानाचे थोर झालेल्या पिढीस तिचा मोह पडावा यात नवल नाही. मोह पडलेला मनुष्य प्रथम लाकडी दस्ता न्याहाळतो, मग नळीवरील कंपनीचे नाव वाचतो, मग किंमत विचारतो. जो प्रश्न सर्वांआधी विचारावयाचा, तो बहुधा शेवटी उरतो, आणि कित्येकदा विचारलाच जात नाही. तो म्हणजे, हिच्या चेंबरात कोणते काडतूस बसते आणि ते आज मिळते काय?

या प्रश्नाचा इतिहास तंजावूरच्या राजवाड्याभोवती फिरून जितका नीट समजतो तितका कोणत्याही शस्त्रविक्रेत्याच्या सूचीपत्रातून समजणार नाही, असे आमचे मत आहे.

किल्ल्याच्या पूर्व बाजूस एका उंचवट्यावर एक अजस्र तोफ पडलेली आहे. तिला स्थानिक लोक ‘राजगोपाल बीरंगी’ म्हणतात व उंचवट्याला ‘बीरंगी मेडू’. एकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावूर घेतले त्याआधीची, नायक राजांच्या काळातील, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ही तोफ. ती ओतीव नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या एकमेकींस लावून त्यांवर तापविलेली कडी चढवून, घणाने ठोकून सांधलेली आहे. लांबी पंचवीस फुटांच्या आसपास, वजन सुमारे २२ टन, आणि तोंडाचा आतील व्यास सुमारे ६३ सेंटिमीटर, म्हणजे दोन फुटांहूनही किंचित अधिक. या तोंडात मावेल असा ओतीव लोखंडाचा भरीव गोळा करावयाचा म्हटला तर त्याचे वजन नऊशे किलोच्या घरात जाते, आणि दगडाचा केला तरी सव्वातीनशे किलोच्या पुढे. हा हिशेब आम्ही फावल्या वेळात मांडला आहे, कोणीही पडताळून पाहावा. असा एकेक गोळा घडवावयाचा, त्या उंचवट्यावर चढवावयाचा, तोफेच्या तोंडात सारावयाचा आणि पुरेशी दारू ठासावयाची म्हणजे केवढा उपद्व्याप! तोफ उत्तम, घडण अलौकिक, परंतु तिला खाऊ घालावयाचे काय व किती वेळा, हा प्रश्न तिच्या जन्माबरोबरच जन्मला असला पाहिजे. १७७३ साली अर्काटचा नबाब महंमद अली व इंग्रजांची कंपनी यांच्या फौजांनी किल्ला घेतला आणि तुळजाजीराजे कैद झाले. ही तोफ जेथल्या तेथे राहिली. ती आज शाबूत आहे याचे श्रेय, आम्हांस वाटते, तिच्या कीर्तीपेक्षा तिच्या वजनाला अधिक आहे.

तोफ सोडून हाती धरण्याच्या बंदुकीकडे वळू. राजवाड्याच्या आवारातील उंच, अनेक मजली गोपुराला आजही ‘आयुधगोपुर’ म्हणून ओळखतात. मराठी दरबाराच्या भाषेत ज्याला शिलेखाना म्हणत, त्या शस्त्रसंग्रहात तलवारी, पट्टे, कट्यारी, अंकुश यांच्या जोडीला बंदुका आल्या, त्या ठासणीच्या. प्रथम तोड्याच्या, नंतर चकमकीच्या. ठासणीची बंदूक नळीच्या तोंडाकडून भरतात. आधी दारू, मग कापडाचा किंवा काथ्याचा बोळा, मग शिशाची गोळी, आणि हे सर्व गजाने ठासून बसवावयाचे. या पद्धतीत एक मोठी सोय होती, जी आज आपण विसरून गेलो आहो. नळी कितीही रुंद असो वा अरुंद, तिच्या मापाचा गोळ्या पाडण्याचा साचा बंदुकीबरोबरच येई. शिसे बाजारात मिळे, दारू करावयास सोरा, गंधक व कोळसा लागे, आणि साचा घरी असला की गोळीसाठी कोणाचे तोंड पाहावे लागत नसे. जुनी बंदूक विकत घेताना साचा बरोबर आहे ना, एवढे पाहिले की पुरे. साचा हरवला तरी कोणीही कुशल कारागीर नळी मोजून नवा करून देई.

मापे सांगण्याची जुनी रीतही या गोळ्यांवरूनच पडली. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसते, ती बारा बोअरची बंदूक. सोळा गोळ्या पाडल्या तर सोळा बोअर. म्हणूनच आकडा जसजसा वाढतो तसतशी नळी अरुंद होत जाते, ही गोष्ट नवख्यास बुचकळ्यात टाकते. बारा बोअरच्या नळीचा व्यास .७२९ इंच भरतो. आपल्या खेडोपाडी शेतरक्षणासाठी असलेली बाराची बंदूक अशा रीतीने शिशाच्या तराजूची आठवण आजतागायत वागवीत आहे.

शिलेखान्याचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगावयास हवे. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजी महाराजांकडे किल्ला व आसपासचा थोडा मुलूख एवढाच राहिला. राज्यकारभार कंपनीकडे गेला. महाराजांनी उरलेल्या आयुष्यात ग्रंथ जमविले, देवनागरी छापखाना काढला, शाळा घातल्या. शस्त्रांना काम उरले नव्हते. १८५५ च्या ऑक्टोबरात त्यांचे पुत्र शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि कंपनीने राज्यपदासह खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दावा लावला, तो लंडनच्या प्रीव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९ साली ‘हे सार्वभौम सत्तेचे कृत्य आहे, त्यावर न्यायालयाचा अधिकार चालत नाही’ अशा आशयाचा निकाल होऊन फेटाळला गेला. १८६२ साली मालमत्ता राण्यांना मेहेरबानी म्हणून परत देण्यात आली. शस्त्रसंग्रह मात्र विखुरला. १८६० च्या दशकात त्यांतील निवडक नग मद्रासच्या सरकारी संग्रहालयासाठी बाजूला काढले गेले आणि उरलेल्यांतील पुष्कळसे मोडून धातूच्या भावाने गेले. मद्रासच्या मुलकी सेवेतील वॉलहाउस नावाच्या गृहस्थांनी १८७८ साली ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात या जुन्या शिलेखान्यावर टिपण लिहिले. आज तंजावूरची म्हणून ओळखली जाणारी पोलादी कट्यार न्यूयॉर्कच्या संग्रहालयात पाहावयास मिळते आणि तंजावुरात क्वचितच. याचा विषाद कोणास वाटणार नाही?

येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. शस्त्रे मोडीत गेली, पण मोडी कागद राहिले. सरस्वती महालात आणि अन्यत्र तंजावूर दरबारचे मोडी दप्तर रुमालांच्या रुमाल बांधून पडलेले आहे. दप्तर शाबूत, शाई शाबूत, परंतु ते सफाईने वाचणारी माणसे आज तंजावुरातच काय, पुण्यातही सहज सापडत नाहीत. आमच्या परिचयाच्या एका तरुणीने हौसेने मोडी शिकून दप्तराशी झटापट सुरू केली, तेव्हा तिच्या घरच्यांनी ‘याचा उपयोग काय?’ म्हणून विचारले होते. तो प्रश्न आणि बिनकाडतुसाच्या रायफलीसंबंधीचा प्रश्न आम्हांस फारसा निराळा वाटत नाही. फरक एवढाच की मोडी वाचणारा तयार करता येतो, काडतूस घरी तयार करता येत नाही. पुन्हा मूळ विषयाकडे येऊ.

काडतूस आले आणि साच्याचे स्वातंत्र्य संपले. १८५७ च्या उठावाच्या संदर्भात चरबी लावलेल्या ज्या काडतुसांची कथा आपण शाळेत वाचली, ती कागदी होती. दाताने फाडून आतील दारू व गोळी नळीच्या तोंडाकडूनच ओतावयाची. पण लवकरच पितळी नळकांड्यात दारू, बुडाशी टोपी आणि तोंडाशी गोळी असे एकसंध काडतूस निघाले व बंदूक पाठीमागून भरता येऊ लागली. नळीच्या मागील बाजूस हे नळकांडे जेथे नेमके बसते ती जागा म्हणजे चेंबर. चेंबरची लांबी, त्याचा निमुळतेपणा, काडतुसाच्या कडेची जाडी हे सर्व हजारांश इंचाच्या हिशेबात जुळावे लागते. तेव्हापासून गोळी पाडणारा मालक नाहीसा झाला आणि काडतूस करणारा कारखाना त्याच्या जागी आला. कारखान्याने काडतूस बंद केले की उत्तमातली उत्तम रायफल लोखंडी गज होऊन बसते.

अमेरिकेतील विंचेस्टर कंपनीला हे लवकर उमगले. तिच्या १८७३ च्या लिव्हर रायफलीचे .४४-४० हे काडतूस पुढे पिस्तुलांनाही लावण्यात आले, त्यामुळे कमरेच्या व खांद्याच्या शस्त्रास एकच पुडके पुरू लागले. तिच्या लोकप्रियतेत या गोष्टीचा वाटा मोठा आहे. १८९४ ची रायफल व १८९५ पासून तिला मिळालेले .३०-३० काडतूस यांची जोडी तर शंभराहून अधिक वर्षे टिकली. या रायफलींत काडतुसे नळीखालच्या लांब पुंगळीत एकामागे एक, म्हणजे एकाचे टोक दुसऱ्याच्या बुडाला लागून बसतात. म्हणून त्यांत टोकदार गोळीचे काडतूस घालावयाचे नसते. धक्क्याने टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आदळले तर पुंगळीतच स्फोट होण्याचा संभव. चपट्या किंवा बोथट तोंडाची गोळी हाच तेथे नियम. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेल्या १८९५ च्या विंचेस्टरमध्ये पुंगळीऐवजी पेटीसारखे मॅगझिन दिले. त्यामुळे तिला लांब, ताकदीची, लष्करी जातीची काडतुसे चालू लागली. पहिल्या महायुद्धात रशियाने आपल्या लष्करी काडतुसाच्या मापात या रायफली सुमारे तीन लाखांच्या संख्येने घेतल्या. .३०-४०, .३०३, .३०-०६ आणि .४०५ अशा निरनिराळ्या काडतुसांसाठी ती निघाली. बाहेरून पाहता एकच रायफल, आत चेंबर निराळे. आमच्या विषयाची सगळी मेख येथे आहे.

हिंदुस्थानात ही मेख अधिक घट्ट बसली ती सरकारी धोरणाने. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना आवश्यक झाला होताच. पुढे १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० मापाची काडतुसे व रायफली बंद केल्या. कारण लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींची गोळी त्याच मापाची होती आणि शिकाऱ्यांच्या नावाने आलेला माल बंडखोरांच्या हाती पडण्याची धास्ती होती. विलायतेतील बंदूककारांनी लागलीच .४७०, .४६५ अशी नवी मापे काढली. रायफली त्याच जातीच्या, गोळी तेवढी केसभर जाड. लष्कराची ‘थ्री-नॉट-थ्री’ ही खाजगी माणसाला वर्ज्यच होती. तिच्या जागी ऑस्ट्रियन मानलिखर रायफलीचे आठ मिलिमीटरचे काडतूस येथे .३१५ या नावाने रुजले. त्याच्या मूळ देशात ते कधीच मागे पडले. आपल्याकडे ते सरकारी कारखान्यांच्या आश्रयाने अजून जिवंत आहे. म्हणजे कोणते काडतूस जगावे व कोणते मरावे हे शिकारीच्या गुणावरून ठरले नाही, ते सचिवालयातील टिपणीवरून ठरले! सरकारी नोकर या नात्याने आम्हांस हे वाक्य लिहिताना संकोच होतो, पण गोष्ट खरी आहे.

आता खुद्द तंजावूरच्या मुलखात शिकार ती कोणती? कावेरीच्या भातशेतीत वाघ कोठून असणार? पाणथळ जागी टिवळे-बदके आणि दक्षिणेस समुद्राकाठी कोडिक्करै येथे काळवीट. तेथे १९६७ साली अभयारण्य झाले. पाखरांसाठी बाराची छऱ्याची बंदूक हेच योग्य हत्यार. लिव्हरची रायफल ज्या कोणी घेतली त्यांनी ती पश्चिमेकडील डोंगरी जंगलांच्या ओढीने घेतली असणार. मद्रासच्या पी. ऑर अँड सन्स यांच्यासारख्या घड्याळे व जवाहीर विकणाऱ्या पेढ्यांच्या नावाच्या बंदुकाही त्या काळी निघत, त्यामुळे उत्तम माल मिळण्यास मुंबई-कलकत्त्यास जाण्याची गरज नव्हती. मराठी संस्थानिकांत ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी १९२० साली वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तकच लिहिले. पण लिव्हर रायफलीचा दक्षिणेतील खरा ख्यातकीर्त उपासक म्हणजे बंगळूरचे केनेथ अँडरसन (१९१०–१९७४). सेलम, धर्मपुरी, कोइमतूर भागांतील नरभक्षकांच्या मागे ते जी रायफल घेऊन फिरले ती १८९५ ची विंचेस्टर, काडतूस .४०५. १९५४ साली त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ती वाचून कित्येकांस त्याच रायफलीचे वेड लागले.

.४०५ हे काडतूस १९०४ साली निघाले. गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास, आणि वेग सेकंदाला सुमारे २२०० फूट. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९-१० च्या आफ्रिकेच्या सफरीत ते सिंहांवर वापरून त्याची फार वाखाणणी केली. एवढे नाव असूनही रायफल १९३० च्या दशकात बंद झाली आणि काडतूस १९५० च्या दशकात. ज्याच्या कपाटात डबे होते तो पुरवून-पुरवून वापरीत राहिला. २००० नंतर अमेरिकेत ते पुन्हा निघू लागले खरे, पण तंजावूरच्या परवानाधारकास त्याचा उपयोग किती? १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी माणसाला परदेशी बंदुका आणविण्याची वाट जवळजवळ बंदच झालेली. म्हणूनच जुन्या परदेशी रायफलींचे भाव आपल्याकडे त्यांच्या मायदेशापेक्षा कितीतरी चढे राहिले. गिऱ्हाईक किंमत मोजतो दुर्मिळतेची, आणि घरी आणल्यावर त्याच्या ध्यानात येते की दुर्मिळता काडतुसातही आहे.

नावांच्या घोटाळ्याविषयी येथेच बजावून ठेवतो. सॅव्हेज कंपनीची १८९९ ची लिव्हर रायफल ही फार सुबक वस्तू. तिचे एक काडतूस ‘.३०३ सॅव्हेज’ म्हणून प्रसिद्ध आहे. लष्कराच्या .३०३ शी त्याचा केवळ नावाचा संबंध. एकाचे काडतूस दुसऱ्याच्या चेंबरात चालत नाही. याच रायफलीच्या पुढील आवृत्त्या .३०८ मध्येही निघाल्या, आणि ते काडतूस म्हणजे लष्करी ७.६२ चे सख्खे भावंड. १९६२ च्या शस्त्र नियमांत, लष्करी .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे काडतूस ज्यांच्या चेंबरात बसून उडू शकेल अशा बोल्टच्या व अर्धस्वयंचलित रायफली वेगळ्या, कडक वर्गात घातल्या होत्या. नियम करणाऱ्यांनी कंपनीचे नाव पाहिले नाही, चेंबर पाहिले, ही गोष्ट खरेदी करणाऱ्याने लक्षात घेण्याजोगी आहे. तसेच परवान्यावर ‘.३० बोअर’ एवढेच लिहिलेले असेल तर ती .३०-३० आहे, .३०-४० आहे की .३०-०६ आहे हे त्यावरून कळत नाही. आणि काडतूस तर परवान्यावरील नोंदीबरहुकूमच मिळावयाचे. आधी रायफलीवरील कोरीव अक्षरे, मग परवाना, असे ताडून पाहावे. दोहोंत फरक आढळल्यास व्यवहार तेथेच थांबवून नोंद दुरुस्त करून घ्यावी.

कोरीव अक्षरांवरही सर्वस्वी विसंबू नये. शंभर वर्षांच्या आयुष्यात पुष्कळ रायफलींची चेंबरे कोणी ना कोणी रुंदावलेली असतात, कारण हेच, मूळ काडतूस मिळेनासे झाले होते. जाणता बंदूककार चेंबरात वितळलेले गंधक किंवा खास मिश्रधातू ओतून त्याचा ठसा काढतो व तो मोजतो. खर्च अल्प, पण पुढचा अनर्थ टळतो. विकणारा ‘काडतुसेही बरोबर देतो’ म्हणाला तर हुरळून जाऊ नये. परवान्याबाहेर ती घेता येत नाहीत ही गोष्ट अलाहिदा, पण आपल्या दमट हवेत चाळीस-पन्नास वर्षे पडलेल्या काडतुसाची टोपी निकामी झालेली असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे चाप ओढल्यावर क्षणभर थांबून उडते. न उडालेले काडतूस लगेच बाहेर काढण्यासाठी लिव्हर ओढणारा मनुष्य आपल्या डोळ्यांशी खेळत असतो. नळी दुसऱ्याकडे रोखलेली नसेल अशी धरून पुरेसा वेळ थांबणे हाच उपाय. जुन्या टोप्यांतील क्षारांनी नळी आतून गंजते तेही पाहावे. उजेडाकडे धरून मळसूत्री खाचा स्वच्छ दिसल्या पाहिजेत.

आणि शिकारीचे काय? वाघाच्या शिकारीवर १९७० साली बंदी आली, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बाकीच्या शिकारीवर कडक निर्बंध आले, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली शिकारही संपली. हे योग्यच झाले. कोडिक्करैचे काळवीट पाहून आल्यावर आमचे तरी दुसरे मत होत नाही. तेव्हा ‘शिकारी रायफल’ हे आता वस्तूचे नाव आहे, कामाचे नाही. घेणारा घेतो ती नेमबाजीच्या छंदासाठी, संरक्षणासाठी किंवा केवळ हौसेसाठी.

हौसेलाही मर्यादा पडली. १९५९ च्या कायद्यान्वये, १९८३ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकास तीन बंदुका बाळगता येत. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ही संख्या दोनवर आणली, आणि वारशाने आलेली बंदूकही त्याच संख्येत मोजावी असे ठरविले. ज्यांच्याकडे तीन होत्या त्यांनी तिसरी वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाची. राजवाडा परिसरातील घरांत या बातमीने केवढी खळबळ उडाली हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. एका वयोवृद्ध गृहस्थांकडे अशा तीन होत्या : बाराची दुनळी, .३१५ ची देशी रायफल आणि वडिलांची .४०५ विंचेस्टर. मुलांचे म्हणणे, विंचेस्टर ठेवा, देशी द्या, कारण किंमत विंचेस्टरला. गृहस्थ म्हणाले, “अहो, हिचे शेवटचे काडतूस अप्पांनी झाडले त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. हिला ठेवून मी काय करू? दोनच जागा, त्यांतली एक मुक्या बंदुकीला कशी देऊ?” मुलांचा पक्षही अगदी खोटा नव्हता. आठवणीलाही घरात जागा लागते. त्यांच्यात आठवडाभर वाद चालला.

नवी खरेदी करणाऱ्यापुढे तर असा भावनेचा पेच नसतो, त्यामुळे त्याला आमचे उत्तर सरळ आहे. .४४-४०, .३०-४०, .३०३ सॅव्हेज, .४०५ या मापांची लिव्हर रायफल कितीही देखणी व स्वस्त असली तरी तिच्यासाठी दोहोंतील एक जागा खर्च करू नये. .३०-३० साठी अमेरिकेत खेडेगावच्या दुकानातही काडतूस मिळते. आपल्याकडे ते मिळेल असे गृहीत धरून पैसे मोजू नयेत. आधी आपल्या विक्रेत्याकडे डबा प्रत्यक्ष दाखवावयास सांगावे. .३०-०६ मधील १८९५ ची विंचेस्टर हा सर्वांत मोहात पाडणारा प्रकार, कारण या काडतुसाला आपल्याकडे मज्जाव नाही. परंतु ती जुनी घडण या काडतुसाच्या दाबाला पुरेशी पडत नाही असा जाणकारांचा अनुभव आहे, तेव्हा बंदूककाराने तपासून हमी दिल्याखेरीज ती खांद्याला लावू नये. छंदासाठीच हवी असेल तर .२२ ची लिव्हर रायफल, मार्लिन कंपनीची ३९ या क्रमांकाची सापडली तर उत्तमच. आवाज थोडा, धक्का नाही, काडतूस स्वस्त, आणि कडी ओढण्याचे सुख तेवढेच. चेंबर बदलून .३१५ चे करून घ्यावे, अशी सूचना एकाने केली होती. परवाना नसलेल्या कारागिराकडून तसे करविणे हा गुन्हा आहे, आणि परवाना असलेला शहाणा कारागीर ते करीत नाही, कारण लिव्हरचा सांधा त्या दाबासाठी घडविलेला नसतो.

वर ज्या गृहस्थांची हकीकत सांगितली त्यांनी अखेर विंचेस्टर तिरुचिरापल्लीच्या एका विक्रेत्याकडे जमा केली व पावती देव्हाऱ्याशेजारच्या पेटीत वडिलांच्या मोडी चिठ्ठ्यांसोबत ठेवली. .३१५ घरी राहिली. तिची काडतुसे आम्ही हाती घेऊन पाहिली, तेव्हा पितळी बुडावर इंग्रजी ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे उमटविलेली दिसली. ती पुण्याजवळच्या खडकीची खूण. तेथील दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. आम्ही हे सांगितल्यावर गृहस्थांनी काडतूस पुन्हा हातात घेतले, चष्मा वर करून ती अक्षरे निरखली आणि तंजावुरी मराठीत सुनेला हाक मारून म्हणाले, “बघ गे, हे आपल्या तिकडचं.”